टावरचीच लाईन गेली

आमच्या घरी इन्व्हर्टर पंख्यासाठी नाही आला गड्या, फोनसाठी आला. बाबाचे मोठे भाऊ, आमचे मोठे बाबा, नागपूरले दवाखान्यात होते, अन् दोघं रोज संध्याकाळी फोनवर बोलायचे. एका वादळात लाईन गेली, मोबाईल बंद पडला अन् बोलणं हुकलं. बाबा लगेच मलकापूरले जाऊन इन्व्हर्टर घेऊन आले.

पुन्हा वादळ आलं. गावात अंधार, आमच्या घरी उजेड. बाबा चार्ज केलेला मोबाईल घेऊन बसले.

मी म्हटलं, "बाबा, रेंजच नाही. टावरचीच लाईन गेली."

"मंग हे कशाले आणलं बे?"

सकाळी रेंज आली तं चुलतभावाचा फोन आला. मोठे बाबा गेले होते. "काल सारखे म्हणत होते, फोन लाव."

बाबानं एवढंच विचारलं, "लागत नाही म्हणून सांगतलं होतं ना रे दादाले? नाही तं त्याले वाटलं असंन, मी उचललाच नाही."