प्रिंटर कोकलला की चाचणी

...आणि वर मलाच म्हणतात, सर, तुम्ही पोरांचं नुकसान केलं! अहो, मी? तुम्हाला सांगतो, मुकुंदवाडीत घरी शिकवण्या घेणारा साधा माणूस मी, प्रश्नपत्रिका छापायला लेझर प्रिंटर घेतला, तर तो दसऱ्यानंतर असा कोकलायला लागला... खर्रर्र-कट्! खर्रर्र-कट्! गल्लीच्या टोकापर्यंत! संध्याकाळी तो कोकलला की पोरांना कळायचं, उद्या चाचणी. मग तेवढ्यापुरतं पुस्तक उघडायचं, बक्कळ मार्क घ्यायचे, अन् पुन्हा पुस्तकाचं तोंड बघायचं नाय! म्हणलं, पोरांनी रोज अभ्यास करावा, तर न सांगता चाचणी घेतली पाहिजे, अन् त्यासाठी आधी हा प्रिंटर गप बसला पाहिजे. आता यात माझं काय चुकलं?

लागलो मागं. कागदाचा ट्रे काढून बसवला, खर्रर्र-कट्! खाली सतरंजी घातली, खर्रर्र-कट्! दसऱ्याला सोयगावहून आई आलेली, ती आतूनच, "सोमनाथ, त्याला तेल पाज रं! आपली कडबाकुट्टी अशीच वरडायची." म्हणलं, आई, ही कडबाकुट्टी नाय! "मंग? ती कडबा खाती, ह्यो कागद खातो." बोला!

शेवटी दुकानवाल्याला फोन लावला. तो म्हणतो, "अंदर कुछ गिरा होंगा, सर. पहले टोनर निकालो, फिर देखो." मी 'देखो' तेवढं ऐकलं. उचलला प्रिंटर, केला उलटा, हलवला गदागदा... टोनरची काळी पूड माझ्या तोंडावर! अन् तिच्या मागून काय पडावं? तांदूळ! कुंकू लावलेले!

"आई!!"

"ओरडतो कशाला? खंडेनवमीला पूजा केली. तुझं पोट चालतं त्याच्यावर, त्याला अक्षता वाहायच्या नाय व्हय?"

ते दाणे निघाले अन् प्रिंटर गप्प! काय आनंद झाला मला! दुसऱ्या दिवशी घेतली न सांगता चाचणी... अख्खा वर्ग नापास! माझी स्वतःची पोरगी प्रेरणासुद्धा! वर मलाच म्हणते, "पप्पा, आवाजच नाय आला!" संध्याकाळी सगळे पालक दारात. "सर, आम्ही त्या आवाजावर पोरं अभ्यासाला बसवत होतो! बंद करायचा तर सांगायचं नाय का? पुन्हा असं झालं तर पोरं दुसरीकडं घालू." आता सांगा, यात माझं काय चुकलं? पण बायको, तनुजा, म्हणाली, "शिकवणी बुडाली तर खायचं काय? अक्षता?"

घाबरलो ना मी! तडजोड केली. चाचणीच्या आदल्या संध्याकाळी मी खिडकीत मिक्सर फिरवायचा, तीच खूण. झालं असं, की मिक्सर काय माझ्या एकट्याकडं आहे व्हय? कुणाच्याही घरी मिक्सर सुरू झाला की अख्खी गल्ली दचकते अन् पोरं पुस्तकं उघडतात! रोज! अहो, मला हवा तसा, रोज अभ्यास! सगळी पोरं पास! मी कॉलर ताठ करून गल्लीत निघालो, तर बाया काय म्हणत होत्या माहिताय? "सरांच्या शिकवण्याचं काय नाय बाई, पोरं पास झाली ती आपल्या चटणीमुळं."