टिकली केव्हा दाबायची

हा कसला हो पाऊस, धड पडत नाही, धड थांबत नाही... तिकडं मद्रासच्या समुद्रात काही घोंघावलं की इकडं आमच्या जे. पी. नगरात आभाळ रडवेलं तोंड करून बसतं, मंगळवारीही तसंच होतं, कानटोपी घालून मी आपला खुर्चीत बसलेला, आणि घरचे म्हणतात सुनेचं काम मी अडवलं! तुम्हाला सांगतो, मी काही केलंच नाही. नाही केलं, हाच माझा गुन्हा.

मी शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस, पण मला जाणून घ्यायचं असतं, एवढंच. आमची सून शाल्मली बेळ्ळंदूरच्या ऑफिसचं काम घरी बसून करते. एकदा विचारलं, बाई, तू दिवसभर हे लिहितेस कुणाला? तर म्हणाली, मामंजी, हा एजंट, माणूस नव्हे, कंप्यूटरातलीच अक्कल, आमचं सॉफ्टवेअरचं पॅकेज नीट चालतं का त्याच्या चाचण्या हा घेतो, कशा घ्यायच्या ते मी एकदाच लिहून ठेवलंय, ऑफिसात सगळे तेच वापरतात. म्हटलं, वाच बघू. वाचलं तिनं, मराठीत करून... ज्या पॅकेजचं काम त्याच्याच चाचण्या घे, दुसऱ्याच्या सामानाला हात लावू नको, नापास झालं तर नापास सांग, चाचणीच खोडून टाकून पास झालो म्हणू नको. म्हणजे, त्यानं तसं केलं होतं की काय? केलं होतं म्हणे! आणि शेवटी, सुरू करण्याआधी माणसाला विचार. हे मला फार आवडलं हो. आमच्या घरात कोण विचारतं?

तर मंगळवारी तिच्या बहिणीच्या, रूपश्रीच्या हळदीला धारवाडला जायचं, रात्रीची बस. पण साहेब मंजुनाथ म्हणालेला, पाचच्या आत चाचण्या पास झाल्या तर रजा, नाहीतर हळद फोनवर बघ. आणि हिचं पोलकं शिंप्याकडे अडकलेलं, इंदिरानगरला! ते आणायला निघताना कपाळाची टिकली काढून तिनं एका बटणावर चिकटवली. म्हणाली, मामंजी, टिंग वाजलं की तो विचारतोय असं समजा, टिकली दाबा, बाकी सगळं तो करतो.

वाजलं टिंग. बोट पुढं केलं आणि घड्याळ बघितलं... तीन वाजून गेलेले. मंगळवार. तुम्हीच सांगा, मंगळवारी तीन ते साडेचार काय असतं? राहुकाळ! पोरीची रजा त्यावर, सख्ख्या बहिणीची हळद त्यावर, आणि मी राहुकाळात हो म्हणू? त्याला म्हटलं, बस बाबा स्वल्प, घाई नको. आणि बसला की हो! पुन्हा टिंग नाही, कुरकुर नाही. माझ्या पोरानं जन्मात एवढी वाट पाहिली नाही. मी मधूनमधून विचारत होतो, तुला कंटाळा येतो का रे? मला जाणून घ्यायचं होतं, एवढंच.

साडेचारला ती पोलकं घेऊन आली, मी देवाचं नाव घेऊन टिकली दाबली आणि म्हटलं, बघ, बरोब्बर वेळेवर. ती घड्याळाकडे बघत म्हणाली, मामंजी, आता पाचच्या आत कसं होणार? चाचण्यांना तासभर लागतो, हे मला कुणी सांगितलं होतं? रडवेली होऊन तिनं साहेबाला फोन लावला, खरं ते सांगितलं. मग मंजुनाथ हळूच म्हणाला, "सरी, सरी, ठीक आहे. मीही साडेचारपर्यंत गाडी बाहेर काढली नाही."

साडेपाचनंतर सगळं पास झालं, रजा मिळाली, पोरगी हळदीला गेली. पण जाण्याआधी त्या सूचनांमध्ये एक ओळ घालून गेली. परवानगी सासऱ्यांकडे मागू नये. आता बेळ्ळंदुरात जो कोणी चाचण्या घेईल, त्याचा एजंट आधी माझी बंदी वाचणार. कायमची!

शेजारच्या नरसिंहरावांना कुंपणापाशी सगळं सांगितलं, म्हटलं, माझं काही चुकलं का? त्यांचा मुलगा तिकडं न्यूयॉर्कला असतो. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "अण्णा, तो एजंट चालतो अमेरिकेतल्या मशीनवर. आपल्याकडं राहुकाळ लागला तेव्हा तिथं ब्राह्ममुहूर्त होता."