लाल पट्ट्याच्या आत

पोलीस ठाणे बुऱ्हाणपूर, जिल्हा निमाड. तारीख १६ मार्च १९५०, गुरुवार, सकाळी साडेदहा.

माझे नाव वामन रघुनाथ नेहेते, वय ३४ वर्षे, धंदा विमानाच्या इंजिनांची दुरुस्ती, राहणार लोधीपुरा, बुऱ्हाणपूर. मी आज दवाखान्यातून सुटून ठाण्यात समक्ष हजर झालो आहे आणि विचारल्यावरून सांगतो की,

बहादरपूरचे दगा लोटू पाटील हे माझ्या धाकट्या बहिणीचे, कोकिळाचे सासरे आहेत. त्यांचा एकुलता एक मुलगा लीलाधर हा कोकिळाचा नवरा. त्याला विमानाच्या कामाला मीच लावले. तेव्हा मी राजगिरी संस्थानात महाराजांची दोन लहान विमाने सांभाळत होतो. १९४८ साली संस्थान विलीन झाले, विमाने सरकारजमा झाली आणि आम्हा दोघांना एका सरकारी कारखान्यात घेतले. कारखान्याचे नाव व ठिकाण सांगायची मला परवानगी नाही, ते लिहू नये.

त्या कारखान्यात जेट विमानांची इंजिने उघडून तपासतात. आम्हाला चार आठवडे शिकवले आणि टर्बाइन तपासायच्या कामावर उभे केले. तिथले जुने लोक आम्हाला "राजाचे ड्रायव्हर" म्हणत.

जबाब लिहून घेणारे हवालदार सुधाकर यांनी टर्बाइन म्हणजे काय असे विचारले, म्हणून सांगतो. जेट इंजिनाला बाहेरून पंखा नसतो. पुढून हवा आत ओढली जाते, दाबली जाते, तिच्यात तेल जळते. तो जाळ मागे एका चाकावर आदळतो. त्या चाकाच्या कडेला बोटाएवढी पोलादी पाती ओळीने बसवलेली असतात. जाळाच्या माऱ्याने चाक फिरते आणि त्याच्याच जोरावर पुढचे हवा दाबणारे यंत्र चालते. उरलेला जाळ मागून सुटतो, त्याने विमान पुढे जाते. हे चाक म्हणजे टर्बाइन. ते एका मिनिटात दहा हजार फेरे घेते. पाती तापून लाल होतात आणि फेऱ्याच्या ओढीने केसाकेसाने लांब होत जातात. म्हणून ठरलेले तास भरले की इंजिन उघडून पात्याचे टोक आणि बाहेरचे कडे यांच्यातली फट मोजायची, आणि पात्याला तडा आहे का ते पाहायचे. त्यासाठी चाक गरम तेलात बुडवायचे, कोरडे पुसायचे, वर खडूची पूड मारायची आणि थांबायचे. तडा असला तर त्यात शिरलेले तेल बाहेर झिरपते आणि पांढऱ्या पुडीवर काळी रेघ उमटते. एवढी खूण मिळते. दुसरी मिळत नाही.

दिनांक ७ जानेवारी रोजी दुपारी मी आणि लीलाधर असे एक चाक तपासत होतो. लीलाधर म्हणाला, "वामनभाऊ, इकडे या. बुडाशी रेघ आली." मी भिंग लावून पाहिले. रेघ होती, तांदळाच्या दाण्याएवढी. मी म्हणालो, "ओरखडा आहे रे. पुसताना पडला." तो म्हणाला, "मी नाही पाडला. फिरून तेलात घालून पाहू ना." फिरून घातले असते तर तो दिवस गेला असता, आणि संस्थानी लोकांना ओरखडा आणि तडा यातला फरक कळत नाही असे फोरमन सगळ्यांदेखत बोलले असते. मी पूड फडक्याने पुसली आणि कागदावर 'चाक ठीक' असे लिहून सही केली.

दिनांक ९ जानेवारी, सोमवार, सकाळी सव्वाअकरा वाजता ते इंजिन लोखंडी चौकटीवर बांधून चालवायला घेतले. टर्बाइनच्या रेषेत दोन्ही बाजूंना जमिनीवर लाल पट्टा मारलेला असतो. इंजिन चालू असताना त्याच्या आत कोणी जायचे नाही. इंजिन पूर्ण जोरावर आल्यावर खालच्या नळीतून तेल ठिबकताना मला दिसले. आवाजात बोलणे ऐकू जात नाही. मी लीलाधरला हाताने खूण केली की जाऊन नळी बघ. त्याने पट्ट्याकडे बोट दाखवले. मी पुन्हा खूण केली. तो आत गेला.

त्यानंतर पाते सुटले. एक पाते गेले की चाकाचा तोल जातो, आणि मग बाकीचीही सुटतात. इंजिनाचे कडे फाडून ती बाहेर आली. छपराच्या पत्र्याला अकरा भोके पडली. एक भिंतीत वीतभर रुतले, ते दुसऱ्या दिवशी छिन्नीने काढावे लागले. एक लीलाधरच्या जांघेत शिरून मागच्या बाजूने निघाले. त्याचा पायजमा पेटला होता. मी तो हातांनी विझवला. रक्त मला दोन्ही मुठींनी दाबून धरता आले नाही. तो पंधरा-वीस मिनिटे जिवंत होता.

चौकशीत मला विचारले, तो पट्ट्याच्या आत कसा गेला. मी सांगितले, माहीत नाही. रेघेबद्दल कोणी विचारले नाही. मीही बोललो नाही.

फेब्रुवारीत दगा पाटलांच्या नावाने इंग्रजी पत्र आले. मी रजेवर घरी आलो होतो, म्हणून ते वाचायला मलाच बोलावले. पत्रात होते की लीलाधर स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मनाई असलेल्या जागेत गेला आणि तत्काळ मरण पावला. मी ते तसेच मराठीत वाचून दाखवले. कोकिळा दारात उभी होती. त्यानंतर गावात कोणी भाईदास नावाचा इसम पारावर म्हणाला की दगाचा पोरगा येडा, चालत्या मशीनीत घुसला. दगा पाटलांनी त्याचे डोके पाराच्या दगडावर आपटले. तो आठ दिवस अंथरुणावर होता असे ऐकतो. त्याने तक्रार दिली नाही.

दिनांक ८ मार्च, बुधवार, सकाळी नऊच्या सुमारास मी कोकिळाला माहेरी आणण्यासाठी बहादरपूरला गेलो. दगा पाटील केळीच्या बागेत घड कापत होते आणि कोकिळा घड बांधावर नेऊन ठेवत होती. आम्ही तिघेच होतो. दगा पाटील काम न थांबवता म्हणाले, "वामन, मले कागद नको सांगू. माह्या पोऱ्या बैलाच्या मांगून बी जात नव्हता, लांबून जाये. तो आत कसा गेला?"

 ते पुन्हा म्हणाले, "तू तठी व्हता ना? डोयानं पाह्यलं ना? मंग सांग."

मी सांगितले. खुणेचे सांगितले, आणि रेघेचेही सांगितले. रेघ आधी लीलाधरने पाहिली आणि मी पुसली, हेही सांगितले.

दगा पाटलांनी हातातल्या कोयत्याने माझ्यावर वार केला. मी डावा हात आडवा घातला, तो मनगटाच्या वर हाडापर्यंत कापला. दुसरा वार डाव्या खांद्यावर बसला. मी केळीच्या बुंध्याशी पडलो. त्यांनी तिसऱ्यांदा कोयता उचलला, पण तो मारला नाही. तो त्यांच्या हातून गळला आणि ते पाटाच्या पाण्यातच खाली बसले. "माह्या पोराले दिसलं व्हतं," एवढेच ते दोन-तीनदा म्हणाले.

कोकिळाने कोयता उचलला. मी तिला म्हणालो, "कोकिळा, मी तुला न्यायला आलो." ती म्हणाली, "भाऊ, त्या दिवशी कागद तूच वाचला ना रे? माह्यासमोर?"

माझ्या पाठीवर जी तिसरी जखम आहे ती त्यानंतरची आहे. ती दगा पाटलांनी केलेली नाही. हवालदारांनी विचारले, "मग कोणी केली?" मला ते सांगायचे नाही. हवालदार म्हणाले, "तिथं तिघंच होता ना?" होय, तिघेच होतो.

मग कोकिळानेच लुगड्याचा पदर फाडून माझा हात घट्ट बांधला. दगा पाटलांनी घड भरायला आणलेल्या गाडीत मला उचलून घातले आणि स्वतः बैल हाकले. गाडीत केळीची पाने अंथरली होती, ती रक्ताने निसरडी झाली होती. कोकिळा बांधावरच थांबली. ती अजूनही बहादरपूरलाच आहे. तिला आणायला मी जाणार नाही.

 गावाची शीव सुटल्यावर दगा पाटलांनी मागे न बघता विचारले, "लागेच गेला का तो?"

मी म्हणालो, "नाही, मामा. बोलला."

"काय बोलला?"

मी म्हणालो, "मी त्याच्या तोंडाशी कान नेला. इंजिन बंद करा म्हणाला. पाती अजून सुटतील, बाकीच्यांना लागेल, म्हणाला. दोनदा म्हणाला."

दगा पाटलांनी बैल थांबवले. मागून दुसऱ्या गाड्या आल्या, त्यांनी ओरडून वाट मागितली, तरी ते हलले नाहीत. काही वेळाने त्यांनी पुन्हा बैल हाकले आणि मला दवाखान्याच्या दारात उतरवले. तिथून ते आपणहून ठाण्यात आले, हे मला नंतर कळले.

माझी दगा पाटलांविरुद्ध तक्रार नाही. त्यांना सोडावे. मात्र या जबाबाची नक्कल कारखान्यात पाठवावी. माझी नोकरी जाईल हे मला ठाऊक आहे. त्यांच्याकडून नवे पत्र येईल ते मराठीत असावे, आणि ते दगा पाटलांना दुसऱ्या कोणीतरी वाचून दाखवावे.

हवालदार सुधाकर यांनी वरील मजकूर मला सावकाश वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच उतरला आहे. लीलाधर 'अपघाताने' वारला असे एका ठिकाणी त्यांनी आपल्या मनाने घातले होते. तो शब्द मी खोडायला लावला आणि शेजारी सही केली.

वा. र. नेहेते