काऊबॉयचा घोडा आणि माझी पंचकल्याण

काऊबॉयचा पिक्चर आमच्या ब्राह्मणपुरीच्या मामांसोबत कधी बघू नका. यात्रेत घोडे पारखण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. मी माझा सगळ्यात आवडता लावला, तर दहाव्या मिनिटाला म्हणतात, "हाऊ चोर शे!"

"मामा, तो हिरो शे. कोणवर भरोसा ठेवस नही, म्हणीसन तर भारी शे."

"घोडाना डावा पाय पांढरा व्हता, आते उजवा शे."

मागे नेऊन पाहिलं. खरंच!

"शूटिंगले दोन घोडा ऱ्हातस, मामा."

मामा हळूच म्हणाले, "तुन्ही घोडी कोठे शे?"

चारही पाय आणि कपाळ पांढरं, अशी पंचकल्याण घोडी मी कालच यात्रेतून आणली होती. मामांनी ओल्या लाल गमछ्याने तिचा एक पाय खसाखसा पुसला. गमछा पांढरा झाला.

"तुन्हा हिरोना दोन्ही घोडा तरी खरा व्हतात," मामा म्हणाले.