हँडलच्या पिशवीचे सहा रुपये

पिशव्यांचा विषय निघालाच आहे, तर आमचं काय झालं ते ऐका. मी आणि माझी वहिनी सदाशिव पेठेतल्या घरातून गोधड्या विकतो आणि कुरिअरने गावोगावी पाठवतो. त्यासाठी साधी पिशवी आठ रुपयांना मिळत होती आणि हँडलची चौदा रुपयांना. मी म्हटलं, "कुरिअरवाल्याच्या हाताची काळजी आपण कशाला करायची?"

वहिनी म्हणाली, "भाऊजी, तीन किलोची गोधडी माणसाने काखेत मारून न्यायची का?"

शेवटी हँडलच्या दोनशे पिशव्या आल्या आणि मी चार दिवस फुगून बसलो.

पाचव्या दिवशी मांजरी गावाहून एका काकूंचा फोन आला. "अहो, गोधडी परत करायची आहे. फोटोत रंग गडद दिसत होता, आली ती फिकट."

आता विक्रीही गेली आणि पिशवीही वाया, असं मनात म्हणत मी त्यांना सांगितलं, "काही हरकत नाही. आली तशीच पिशवीत घालून ठेवा, उद्या माणूस येईल."

"पिशवीत कशाला? पिशवी मी ठेवणार आहे. भाजी आणायला फार सोयीची आहे. हँडल चांगलं मजबूत लावलंय तुम्ही."

फोन स्पीकरवर होता. वहिनीने तो घेतला आणि ती शांतपणे म्हणाली, "काकू, पिशवी गोधडीबरोबरच मिळते. गोधडी परत आली, की पिशवीही परत."



"मग राहू द्या गोधडी," काकू म्हणाल्या. "रंग काही इतका वाईट नाही."