तुळिंजच्या बाजारातली पेशंट

पथनाट्याने काय होतं म्हणता? ऐका. बंद पडलेल्या सरकारी दवाखान्याला डॉक्टर मिळावा म्हणून आम्ही कॉलेजची मुलं तुळिंजच्या बाजारात नाटक करत होतो. मी पेशंट. ठरल्याप्रमाणे चक्कर येऊन पडले, तर राजोडीच्या एका कोळीण मावशीने मासळीवर शिंपडायचं पाणी माझ्या तोंडावर ओतलं.

"मावशी, नाटक आहे हे!"

"गप ऱ्हा पोरी, बडबडू नको," म्हणत तिने मला रिक्षात कोंबलं. मागून अर्धा बाजार आला. दवाखान्याला कुलूप.

"पोर मरायला टेकली, आनि डाक्टर कुठंय?" मावशी दारातच बसली. आम्ही सहा महिने अर्ज करून थकलो होतो. त्या दिवशी मात्र आरोग्य खात्याचे साहेब धावत आले आणि डॉक्टर पाठवतो असं लिहून देईपर्यंत ती उठली नाही.

आठवड्याभरात डॉक्टर खरंच आले. मी आभार मानायला बाजारात मावशीकडे धावले, "मावशी, तुमच्यामुळे झालं!"

"मग इथं काय करते? जा, दाखव जाऊन."

तिचं मन मोडवेना, म्हणून गेले. डॉक्टरांनी माझी पापणी खाली ओढून पाहिली. "रक्त फार कमी आहे. चक्कर येत नाही तुला?"