जेमतेम दिसेपर्यंत

...आणि वर पडद्यावर सूचना काय, तर 'चिन्ह जेमतेम दिसेल इतकाच उजेड ठेवा'! जेमतेम! आता तुम्हीच सांगा, जेमतेम म्हणजे किती? मीठ चवीपुरतं म्हटलं तर माणूस चाखून बघतो, पट्टा बेताचा म्हटलं तर ओढून बघतो, पण इथे काळा चौकोन, त्यात काळं चिन्ह, आणि ते दिसलंही पाहिजे आणि फार दिसताही कामा नये... म्हणजे माणसानं करायचं काय? एक डोळा उघडा ठेवून दुसरा मिटायचा?

तुम्हाला सांगतो, मी काही अडाणी नाही. एकतीस वर्षं हॉस्पिटलात एक्स-रे काढलेत. एकतीस! घोट्याच्या हाडातली केसाएवढी चीर डॉक्टरच्या आधी मला दिसायची. मी आपला फिल्म लाइटच्या डब्यावर लावायचो, म्हणायचो, "साहेब, इथे बघा जरा," आणि साहेब चष्मा पुसत म्हणायचे, "अरे, हो की!" सगळी हयात काळ्यापांढऱ्यात गेली, आणि त्या माणसाला हा टीव्ही विचारतो, दिसतंय का म्हणून!

बरं, हे गेमचं कन्सोल माझं नव्हे, लेकीचं. नोकरीसाठी लांब गेली, इतकी लांब की आमची संध्याकाळ म्हणजे तिची सकाळ, आणि जाताना हे टीव्हीखाली ठेवून गेली. म्हणाली, "बाबा, फोनवर आपण बोलतो काय? जेवलीस का, जेवले. थंडी आहे का, आहे. संपलं! त्यापेक्षा रविवारी पाच वाजता तुम्ही, आई आणि मी, तिघं मिळून खेळू." आणि खरंच हो, फोनवर आमचं चार मिनिटांत आटपायचं, पण खेळायला बसलो की दीड तास! कानाला हेडफोन, तिघं एका गुहेतून चाललोय, हातात कंदील, आणि चालता चालता ती सगळं सांगते... साहेब कसा आहे, घरमालकीण कशी खोचून बोलते, एकटीला रडू कधी येतं... समोरासमोर बसून जे सांगता येत नाही ना, ते शेजारून चालताना सांगता येतं. आठवड्यातून तेवढाच दीड तास लेक माझ्या वाट्याला येते.

आणि मी पडतो. दरीत. या दोघी टुणकन उडी मारून पलीकडे, आणि मी धप्प! चला, पुन्हा पहिल्यापासून. पहिले दोन महिने असं नव्हतं. म्हणजे पडायचो, पण माणसासारखा पडायचो. मग वाढलं. एका रविवारी तर अकरा वेळा! लेक आधी हसायची, मग हसेनाशी झाली, मी पडलो की नुसती गप्प. आणि एकदा हळूच म्हणाली, "बाबा, आपण दुसरा खेळ घेऊया का? चित्रं जुळवायचा एक असतो..." चित्रं जुळवायचा! त्यात कोण कुणाच्या शेजारी चालतं? माझा दीड तास गेला ना मग! तेव्हाच ठरवलं, दोष टीव्हीच्या सेटिंगचा आहे. दुसऱ्या कुणाचा असणार?

टीव्हीवाल्याला बोलावलं. तो आला, रिमोट हातात घेतला आणि जे सुटला... "सोप्पंय काका! एचडीआर म्हणजे काय, तर उजेड आणखी उजळ, काळोख आणखी काळा. आधी टीव्हीत चालू करायचं, मग कन्सोलमध्ये, मग गेममध्ये, तिन्हीकडे. टीव्ही गेम मोडवर. सिनेमा मोड नको, व्हिव्हिड तर नकोच नको. टीव्हीला स्वतःची अक्कल चालवू द्यायची नाही, ऑटो ब्राइटनेस बंद! मग कन्सोल पडदे दाखवतो, दोन पांढरे, एक काळा. चिन्ह जेमतेम दिसलं की थांबायचं. बास!" मी म्हटलं, "अरे बाबा, पण जेमतेम म्हणजे किती?" तर बॅग खांद्याला अडकवत म्हणतो, "ते ज्याच्या त्याच्या नजरेवर असतं काका." आणि गेला!

ज्याच्या त्याच्या नजरेवर! मग माझी नजर काय भाड्यानं आणलीय? मी आमच्या पद्धतीनं कामाला लागलो. पडदे ओढले, फटींत टॉवेल कोंबले, दाराखाली पायपुसणं सरकवलं, आणि खुर्चीत पंधरा मिनिटं नुसता बसून राहिलो. का? अहो, डार्करूमची शिस्त आहे, नजर आधी काळोखाला मुरू द्यायची! तेवढ्यात आमची ही दार ढकलून आत आली आणि माझ्या पायाला अडखळली.

"अहो, लाइट गेलेत का?"

"नाही. सेटिंग करतोय."

"अंधारात?"

"अंधारातच करायचं असतं."

"आणि खेळायचं मात्र उन्हात?"

आता पाच वाजता आमच्या हॉलमध्ये थेट टीव्हीवर ऊन येतं हे खरंय. पण शास्त्र म्हणून काही असतं की नाही? काळ्या पडद्याचा आकडा, जितका मोठा तितका उजेड जास्त, मी आणला सातवर आणि वहीत लिहून ठेवला. रविवारी खेळून झाल्यावर बघतो, तर एकोणीस! पुन्हा सात केला. पुढच्या रविवारी? एकोणीस! हिला विचारलं, "तू हात लावलास?" तर म्हणे, "मी कशाला लावू? मला कुठे त्यातलं कळतं?" आणि खरं सांगू का, एकोणीसवर मी कमी पडायचो. अकराचे चार झाले. मला वाटलं, सराव! पण चुकीचं ते चुकीचं, मी आपला दर सोमवारी सात करतच होतो.

आणि ही काय करायची ठाऊक आहे? घरात, स्वतःच्या सोफ्यावर, काळा गॉगल लावून खेळायला बसायची! "हल्ली उजेड सोसत नाही मला." मी मनात म्हटलं, सापडलं! टीव्हीवाला बिचारा खरंच बोलला, ज्याच्या त्याच्या नजरेवर असतं... हिचेच डोळे बिघडलेत! तेव्हा हिला जेमतेम म्हणजे किती, हे कळणार कुठून? धरलं आणि नेलं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे. रिक्षात सगळी वाट मी हिला समजावतोय, घाबरू नकोस, वयानुसार होतं, लपवण्यात काय अर्थ आहे... आणि ही बाहेर बघत हूं हूं करतेय.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "यांची नजर उत्तम आहे. आता काका, तुम्ही बसा."

"मी? मी सोबत आलोय."

"आलाच आहात तर बसा की."

बसलो. म्हटलं, या डॉक्टर पोरीला जरा दाखवून देऊ एकतीस वर्षांची नजर काय असते ते. तिनं माझा डावा डोळा झाकला... आणि समोरचा तक्ताच गेला हो! भिंत होती, भिंतीवर काहीतरी पांढुरकं होतं, अक्षर एक नाही. "दिसतंय का काका?" आता काय सांगू मी? म्हटलं, "जेमतेम." तर ती पोरगी पेन टेकवून मला विचारते, "जेमतेम म्हणजे किती?"

मोतीबिंदू. उजव्या डोळ्यात चांगला पिकलेला.

बाहेर बाकावर येऊन बसलो. डोळ्यांत औषधाचे थेंब, सगळं जग वितळलेलं. हिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"तुम्ही चहा कपाच्या बाहेर ओतायला लागलात तेव्हापासून."

"आणि तो आकडा?"

"मीच वाढवायचे. तुम्ही फिरायला गेलात की."

"मग सांगायचं नाही?"

"कितीदा म्हटलं, डोळे दाखवून या. म्हणालात, माझे? मग काय बोलणार? एकतीस वर्षांची नजर तुमची, ती चालली असं मी कुठल्या तोंडानं सांगू? आणि तुम्ही पडलात की पोरगी गप्प होते, ते मला ऐकवत नाही हो."

तुम्हाला सांगतो... चार महिने! चार महिने ही बाई मला दिसावं म्हणून तो झगझगीत उजेड स्वतःच्या डोळ्यांवर घेत बसली होती, आणि मी तिच्या गॉगलला हसत होतो. मला भरून आलं. तिथेच, भर रांगेत, सगळ्यांसमोर रडलो. थेंब घातलेले होते, त्यामुळे खपून गेलं.

रविवारी लेकीला सांगितलं. ती गुहेत मागे वळून माझ्यापाशी आली. मग म्हणाली, "बाबा, मला वाटायचं, तुम्हाला काहीतरी होतंय आणि मला कुणी सांगत नाहीये. इतक्या लांबून काय विचारू? म्हणून गप्प व्हायचे." घ्या! आणि मी समजत होतो, पोरीला माझा कंटाळा आला!

मग ऑपरेशन. घाबरलो का? हो, घाबरलो. दुसऱ्याचं हाड बघणं वेगळं आणि आपला डोळा कुणाच्या हातात देणं वेगळं. ही दाराशी उभी होती, तिला म्हटलं, "जाऊ नकोस कुठे." म्हणाली, "कुठे जाणार? चप्पल तुमच्या पिशवीत आहे." पण झालं नीट. डॉक्टरीणबाईंनी खेळायला मोकळीक दिली त्या रविवारी आम्ही दोघांनी भर उन्हात, पडदे उघडे टाकून सेटिंग केलं. मी बटण दाबतोय, ही बघतेय, आणि अकरावर दोघं एकदम म्हणालो, "थांब!" आणि गुहेत शिरलो तर काय, भिंती निळ्या! अहो, निळ्याशार! इतके दिवस मी त्यांना मातकट समजत होतो.

आणि मग पडलो. नऊ वेळा.

लेक तिकडे हसतेय, ही इकडे हसतेय, हसता हसता ही पण पडली, मग लेक पडली... दीड तासाचे अडीच तास झाले. चित्रं जुळवायचं कुणी नावसुद्धा काढलं नाही. पण माझी पंचाईत बघा ना! डोळा नवा, सेटिंग बरोबर, टीव्हीवाला निर्दोष, बायको तर देवमाणूस... म्हणजे दोष द्यायला घरात मीच एकटा उरलो. पडायचा तो मी पडतोच हो, फरक एवढाच, की आता कुठे पडतोय ते अगदी लख्ख दिसतं!